दुसरी टकटक

जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी पाहुणेघरात कामाला असलेली एवान्थिया बंदरावर गेली ती दोन पाहुण्यांना आणायला. हातात पुठ्ठ्याची पाटी, पाटीवर मालकिणीच्या, कालिरोईच्या, सुबक अक्षरात 'वेलिसारिस, दोघे'. सलोनिक शहरातले दातांचे निवृत्त डॉक्टर आणि त्यांची बायको. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून दोघांनी मोठ्या जहाजातून आठ दिवसांची सफर केली होती, आणि ती संपल्यावर तडक घरी न जाता चार दिवस आमच्या बेटावर ऐषारामात काढायचे ठरवले होते. अशी माणसं हल्ली बरीच येतात. आठ दिवस समुद्रात तरंगून त्यांचं पोट भरत नाही. मग आणखी चार दिवस समुद्राकडे बघत बसायला ती कप्तानाच्या घरी उतरतात.

कप्तानाचं घर बंदराच्या वरच्या अंगाला आहे. नातवंडांनी विकलं, कालिरोईने घेतलं आणि त्याचा कायापालट करून पाहुणेघर थाटलं. अंगणात जिथे कप्तानाची गाढवं बांधलेली असत तिथे पोहायचा तलाव झाला. न्हाणीघरात संगमरवर आला, पलंगांवर तागाच्या चादरी आल्या. रस्त्याकडचं जाड दार तेवढं जुनं राहिलं, आणि त्यावर ठोठावायला असलेला पितळी पंजा. पाहुण्यांना जुनं आवडतं म्हणून विजेची घंटा काही लावली नाही.

मालकीण आणि एवान्थिया यांची कुरबूर चालायची ती या पंजावरून. आमच्याकडे दुपारच्या वेळी पहिल्या टकटकीला कोणी दार उघडत नाही. दुसरी होऊ द्यायची, मग उठायचं. मेलेलं माणूस एकदाच ठोठावतं, दुसऱ्यांदा ठोठावायचा जोर त्याच्या हातात नसतो. जिवंत माणूस पुन्हा ठोठावतंच, आणि उन्हात उभं राहावं लागलं म्हणून कोणी रुसत नाही.

"मावशी, लोक इथं सुखासाठी येतात," कालिरोई म्हणायची. ती अथेन्सला शिकून आलेली. "किल्ली आत विसरतात, दार आपोआप लागतं, आणि तू आत ढिम्म उभी. पहिल्या टकटकीला उघडत जा."

"बरं," एवान्थिया म्हणायची, आणि दुसरीची वाट बघायची. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या मंगळवारी बोटीतून डॉक्टर एकटेच उतरले. उंच, वाकलेले, दाढी दोन दिवसांची. हातात दोन बॅगा होत्या, एक काळी आणि एक फिकट निळी, मुठीला बायकी रुमाल बांधलेली.

"आणि बाईसाहेब?" एवान्थियाने विचारलं.

"उरानिया येतेय," ते म्हणाले. "मागून येतेय. तुम्ही सगळं दोघांचंच ठेवा."

असेल काही. बायका मधल्याच बंदरात खरेदीला उतरतात, बोट चुकते. एवान्थियाने दोघांचं ठेवलं. दोन ताटं, दोन पेले, तलावाकाठी दोन पंचे. तिने भाजलेला मासा आणला तेव्हा डॉक्टरांनी सावकाश काटे काढले आणि सगळं स्वच्छ मांस समोरच्या रिकाम्या ताटात ठेवलं. स्वतः नुसता पाव खाल्ला. मग वर जाऊन पडले.

आमच्याकडची खरी निर्जन वेळ ही. अडीच वाजले की खिडक्यांच्या झडपा लागतात, रस्ते ओस पडतात, मांजरंसुद्धा गाड्यांखाली शिरतात. आमचे रातकिडे भर दिवसाच झाडांवर करवत चालवत राहतात, आणि इतक्या उन्हात माणसाला स्वतःची सावलीही सापडत नाही. एवान्थिया स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवसाच्या शेंगा निवडत बसली होती.

रातकिडे थांबले. सगळे एकदम.

आणि पितळी पंजा दारावर पडला. एकदाच.

तिचे हात शेंगांतच राहिले. ती दुसरीची वाट बघू लागली. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. दाराखालच्या फटीतून वास आत येत होता, ओला राहून कुजलेल्या दोरखंडाचा. बंदरावर हा वास नेहमीचा, पण इथे वर, दोनशे पायऱ्या चढून, तो कधी आला नव्हता.

दुसरी टकटक झाली नाही.

एवान्थियाला घाम फुटला तो मेलेल्यांच्या भीतीने नव्हे. बारा वर्षांपूर्वी अशाच जुलैत, अशाच वेळी, तिच्या स्वतःच्या दारावर एकदाच टकटक झाली होती. ती पलंगावर जागी पडली होती. नवरा पान्तेलिस डिंकाच्या झाडांखालची जमीन साफ करायला गेला होता, संध्याकाळशिवाय येणार नव्हता. म्हणून ती रीतीप्रमाणे दुसरीची वाट बघत पडून राहिली, आणि वाट बघता बघता तिचा डोळा लागला. चार वाजता दार उघडलं तर पान्तेलिस पायरीवर बसलेला, पाठ दाराला टेकलेली. दार उघडताच तो मागे तिच्या पायांवर कलंडला. छातीत कळ आली म्हणून तो घरी आला होता. वेळेवर आणलं असतं तर... असं गावचा डॉक्टर म्हणाला.

गावाने तिला दोष दिला नाही. अर्धवट झोपेत ऐकली असं तिने सांगितलं, आणि कोणीही हेच केलं असतं, लोक म्हणाले. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. बारा वर्षं ती एकच हिशेब मांडत होती: उठले असते तर दारापर्यंत अकरा पावलं.

तिने शेवटी कप्तानाचं दार उघडलं तेव्हा गल्लीत नुसतं ऊन होतं. मागे जिन्यावर डॉक्टर उभे होते, अनवाणी.

"उशीर केलात," ते हळूच म्हणाले. रागावून नाही.

बुधवारी सकाळी ती बंदरावर पोलिदोरोसकडे गेली. हा तिचा धाकटा दीर. बोटींचे दोर धरणं हे त्याचं काम आणि साऱ्या समुद्राच्या बातम्या गोळा करणं हा छंद.

"काय वहिनी, बड्या लोकांचे लाड पुरवून दमलीस वाटतं. तोंड बघ किती उतरलंय."

"तोंडाचं सोड. काल-आज कुठल्या बोटीतून एकटी बाई उतरली का? साठीची, सलोनिकची?"

पोलिदोरोसचं हसू मावळलं. "तुझा पाहुणा वेलिसारिस ना? मला वाटलं तुला ठाऊक आहे. शनिवारी पहाटे त्यांच्या जहाजावरून त्याची बायको समुद्रात पडली. जहाज दोन तास तिथंच फेऱ्या मारत होतं. सापडली नाही." त्याने हातातला दोर खाली ठेवला. "नवऱ्याला पोलिसांनी घरी जायला सांगितलं होतं. तो इकडे कशाला आला असेल गं?"

कशाला आला असेल हे एवान्थियाला विचारावं लागलं नाही. ती दोनशे पायऱ्या चढून आली, दोघांचा स्वयंपाक केला, दोघांची ताटं वाढली आणि आयुष्यात पहिल्यांदाच पाहुण्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"डॉक्टर, मला कळलंय."

ते माशाचे काटे काढत होते. थांबले नाहीत.

"हे चार दिवस तिच्या हट्टाचे," ते म्हणाले. "जहाज म्हणजे नुसती गर्दीची वस्ती, ती म्हणायची. शेवटी चार दिवस एखाद्या घरात राहू, राजाराणीसारखं... मी म्हटलं, उगाच उधळपट्टी. पण ती इथलं चित्र उशाशी ठेवून झोपायची."

"आणि शनिवारी?"

"तिला झोप कमी. पहाटे डेकवर गेली. खोलीचं दार मागे आपोआप लागतं... किल्ली आतच राहिली होती. परत आली, ठोठावलं. एकदाच." त्यांनी सुरी खाली ठेवली. "मी जागा होतो, बाई. म्हटलं, पुन्हा ठोठावेल तेव्हा उठू."

एवान्थियाने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"चाळीस वर्षांत तिनं कधी दोनदा ठोठावलं नाही. दुसऱ्याची झोपमोड करणं तिच्या जिवावर यायचं. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी कूस बदलली. ती परत वर गेली असणार... वारा होता म्हणे."

बारा वर्षांत जे एवान्थियाने दिराला सांगितलं नव्हतं, पाद्र्याला सांगितलं नव्हतं, ते ती या परक्या माणसाला सांगून बसली. की पान्तेलिसची टकटक तिने झोपेत ऐकली नव्हती, चांगली जागेपणी ऐकली होती. आणि त्या टकटकीत तिला त्याचा हात ओळखू आला होता, निदान तसं वाटलं होतं. तरी ती पडून राहिली.

डॉक्टरांनी मान हलवली.

"आज ती येईल," ते म्हणाले. "मी उघडू शकत नाही. काल जिन्यातच पाय लुळे पडले. तुम्ही उघडा."

"पहिल्या टकटकीला उघडू नये, डॉक्टर. माझी सासू म्हणायची, पहिल्या टकटकीला उघडलेलं दार मग कधी नीट लागत नाही."

"आणि कालची टकटक तुमच्या नवऱ्याची असती तर?"

एवान्थिया खुर्ची मागे सारून उठली.

अडीच वाजले. झडपा लागल्या. ती दाराला लागून उभी राहिली, कडीवर हात ठेवून, आणि डॉक्टर जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. बाहेर रातकिडे करवत चालवत होते. तिला वाटलं, आज काही होणार नाही. तिला वाटलं, होऊच नये.

रातकिडे थांबले.

पंजा पडला. एकदाच. हळू, कोणाची झोप मोडू नये इतका हळू.

तिने दार उघडलं.

गल्लीत कोणी नव्हतं. पांढऱ्या भिंती, पांढरं ऊन. पण तो ओल्या दोरखंडाचा वास तिच्या खांद्याला घासून आत गेला, वाट विचारल्यासारखा जरा थबकला आणि पुढे सरकला. ऐन उन्हात तिचा उजवा दंड गार पडला.

"ये," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज इतका साधा होता की एवान्थियाच्या अंगावर काटा आला. "बस. मासा गार झालाय थोडा..."

तिने दार लावलं. कडी बसायला त्रास झाला. लाकूड फुगलं असावं.

त्या दिवशी डॉक्टर पोटभर जेवले. संध्याकाळी तलावाकाठी दोन पंचे ओले होते. एवान्थियाने ते न बोलता वाळत घातले.

गुरुवारी सकाळच्या बोटीने ते निघाले, दोन दिवस आधीच. दाढी केली होती, पाठ सरळ झाली होती. हातात फक्त काळी बॅग होती.

"निळी राहिली, डॉक्टर."

"राहू दे. तिला आणखी काही दिवस राहायचंय." त्यांनी एवान्थियाचा हात दोन्ही हातांत धरला. "तुमचे उपकार मी विसरणार नाही. आता मला झोप लागेल."

कालिरोईला हे पटणं शक्यच नव्हतं. शनिवारी नवे पाहुणे यायचे होते. "म्हणजे काय, बॅग ठेवून गेला? मावशी, ती बॅग खाली आण, पाठवून देऊ." एवान्थिया वर गेली. निळी बॅग उघडी होती, रिकामी. कपडे कपाटात ओळीने टांगलेले होते. पलंगाची एक बाजू सपाट, दुसरी दबलेली. तिने दार ओढून घेतलं, खाली आली आणि डोकं दुखतंय असं सांगून घरी गेली.

घर गार होतं. तिने दार लावलं. कडी नीट बसेना. ही कडी काल-परवापर्यंत लोण्यासारखी सरकायची. दोनदा ढकलून तिने नाद सोडला आणि पलंगावर आडवी झाली. अडीच वाजले असावेत. बाहेर रातकिडे होते, आणि मग नव्हते.

टकटक झाली. एकदाच.

ती उठून बसली. जन्मभराच्या सवयीने दुसरीची वाट बघू लागली. वाट बघता बघता तिच्या ध्यानात आलं की वाट बघण्यासारखं काही उरलंच नाही. पहिली तर बारा वर्षांपूर्वीच झाली होती. ही दुसरी.

जमिनीवर पाय टेकले तेव्हा तिला वास आला. या वेळी दोरखंडाचा नव्हता. ताज्या डिंकाचा होता, गोडसर, जो पान्तेलिसच्या सदऱ्याला जुलैभर यायचा आणि कितीही धुतला तरी जायचा नाही. तिला रडू आलं आणि त्याच वेळी इतकी भीती वाटली की श्वास पुरेना.

ती चालू लागली. एक, दोन, तीन... अकरा. कडी आधीच अर्धी सरकलेली होती.

आणि तिथे उभी असताना तिला आठवलं, मघाचा आवाज हाताच्या उंचीवरून आलाच नव्हता. तो खालून आला होता, उंबऱ्याजवळून. पायरीवर बसलेल्या माणसाने, दाराला पाठ टेकवून, हात मागे नेऊन ठोठावावं, तितक्या खालून.