बुधवारची माणसं लबाड नसतात

कुमासी शहराच्या आदुम बाजारात हरमाटानचा कोरडा, धुळीचा वारा असा काही सुटला होता, की डोळे उघडे ठेवणं मुश्कील. कापडाच्या दुकानावर विद्यार्थ्यांना परदेशी पाठवणाऱ्या एजंटांचं कार्यालय होतं. त्याचा जिना अकुआ डोळे चोळतच चढली – आणि वरून पाठमोऱ्या उतरणाऱ्या एका उंच तरुणावर जाऊन आदळली.

"अहो, सांभाळून! ही पाटी डोक्यात पडली असती, तर परदेशाऐवजी थेट दवाखान्यात प्रवेश मिळाला असता."

त्याच्या हातातल्या पाटीवर ठळक अक्षरं होती – 'व्हिसाची शंभर टक्के हमी'.

"मग खाली का उतरवताय?"

"खोटं आहे म्हणून. महिनाभर डोकं खाल्लं, तेव्हा कुठे मालकांना पटलं."

अकुआ मनातल्या मनात नाचलीच! तिचं कामच ते होतं. एका परदेशी विद्यापीठाच्या, राजधानी आक्रातल्या कार्यालयात ती नोकरीला होती. विद्यार्थी पाठवणाऱ्या एजंटांकडे खोट्या नावानं जायचं आणि ते खरं बोलतात का, ते बघायचं. जो खरं बोलेल, त्याच्याशीच विद्यापीठ करार करणार. आतापर्यंतच्या सगळ्यांनी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं.

"मी अमा," तिनं ठोकून दिलं.

"म्हणजे शनिवारची! मी क्वाकू. बुधवारचा." कुमासीत नाव जन्माच्या वारावरूनच ठेवतात, त्यामुळे नाव सांगितलं की जन्मवार आपोआप कळतो.

गणितात कच्ची आहे, पण संगणकच शिकायचंय, फी तिकडे काम करून भरीन... वर कार्यालयात बसल्यावर ठरलेली कहाणी तिनं पोपटासारखी म्हणून दाखवली. क्वाकूनं सगळं ऐकून घेतलं.

"जाऊ नका," तो म्हणाला.

"अहो, तुमचं कमिशन बुडेल!"

"बुडू दे. तिकडे काम करून एवढी फी निघत नाही. आणि गणिताशिवाय पहिल्याच परीक्षेत गाडी अडेल. आधी इथं वर्षभर गणित पक्कं करा. मग या, मी स्वतः अर्ज करून देईन."

बोलताना तो सरळ डोळ्यांत बघायचा. अकुआला आपले वाऱ्यानं फुटलेले ओठ उगाचच आठवले – आणि त्यालाही ते दिसले असावेत. त्यानं गुपचूप ओठांना लावायला शियाच्या बियांच्या लोण्याची डबी तिच्यापुढे सरकवली.

काम झालं होतं. आता उठून जायला हवं होतं. पण "कोपऱ्यावर केलेवेले फार छान मिळतं," असं तो म्हणाला आणि पाय त्याच्याबरोबर निघाले. मिरची-आलं लावून तळलेल्या गरमागरम केळ्यांचा कागद दोघांच्या मध्ये होता. बोटांना बोटं लागत होती...

"एजंट म्हटलं की लोक चोरच समजतात," क्वाकू हसत म्हणाला. "त्यात मी बुधवारचा. आमची आई म्हणते, बुधवारची माणसं जात्याच लबाड."

"काहीतरीच! आम्ही बुधवारवाले कधी खोटं बोलत–"

अकुआचा घास तोंडातच राहिला. क्वाकू तिच्याकडे बघत होता. अमा... शनिवारची!

"माझी... माझी बस आहे," असं पुटपुटत ती पळालीच.

बसमध्ये तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याच्याबरोबर केलेवेले खाल्ल्याचं लिहिलं, तर तपासणी पक्षपाती ठरून रद्द होणार आणि त्याचा खरेपणा वाया जाणार. लपवलं, तर तिच्यात आणि त्या शंभर टक्क्यांच्या पाटीत फरक काय? शेवटी तिनं अहवालात सगळं लिहिलं. तो आवडला, हेसुद्धा.

तिच्या साहेब, मान्सा मॅडम, वाचता वाचता गालात हसल्या. "कुमासीला आता दुसऱ्याला पाठवते, पोरी. त्याला तपासणं तुझ्याकडून काढून घेतलं. त्याच्याकडे बघायला तू मोकळी!"

पण बघणार कुठे? खोटं नाव सांगणाऱ्या मुलीची वाट कोण पाहील?

वारा सरला, आभाळ निवळलं. निवडलेल्या एजंटांचं शिबिर आक्रात भरलं, तेव्हा दारात नावांचे बिल्ले वाटायला अकुआ उभी होती. एक बिल्ला तिनं केव्हाचा मुठीत धरला होता.

"नमस्कार, अमा मॅडम," ओळखीचा आवाज आला. "आज कुठल्या वारच्या?"

"अकुआ." तिचे कान तापले. "खोटं बोलले मी. माफ करा."

"तुमच्यानंतर एक मिशीवाले आले होते. तेही गणितात कच्चे! त्यांनाही म्हटलं, जाऊ नका." मग तो एकदम गंभीर झाला. "पण तुमच्या बाबतीत माझीच चूक झाली."

"कसली?"

"सल्ला देताना आपला स्वार्थ असेल, तर तो समोरच्याला आधी सांगायचा. नियम आहे ना?"

"हो..."

"मी सांगितला नाही. सल्ला अगदी खरा होता. पण जिन्यावर तुम्ही येऊन आदळलात ना – तेव्हापासून तुम्ही इतक्या लांब जाऊ नये, असं मलाच वाटत होतं."

"अहो बाई, आमचेही बिल्ले द्या की!" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. अकुआनं ऐकलंच नाही. ती त्याच्या सदऱ्यावर बिल्ला लावत होती. साधी पिन, पण लागता लागत नव्हती.

"स्वार्थ माझाही होता," ती हळूच म्हणाली. "अहवालात लिहिलाय."

"मग मला कधी वाचायला मिळणार?"

"वाचायचा कशाला?" तिनं मान वर केली. "तू मला आवडतोस, क्वाकू. बुधवारची मुलगी सांगतेय – खोटं नाही."