सासूबाईंच्या उसवण्याबाबत

विषय : कै. श्रीमती बोर्गहिल्ड यांनी निधनानंतरही सुनेच्या विणकामात ढवळाढवळ चालू ठेवल्याबाबत.

संदर्भ : सौ. अस्लाउग यांनी घर शांत करून मिळण्यासाठी चर्चच्या कार्यालयाकडे केलेला अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून हकिगत येणेप्रमाणे.

उत्तर नॉर्वेतल्या ग्रोसुंद गावात नोव्हेंबरअखेर सूर्य रजेवर जातो, तो थेट जानेवारीत कामावर रुजू होतो. मधल्या काळात भर दुपारी आकाश शाईच्या दौतीसारखं दिसतं. लोक खिडक्यांत दिवे लावतात, कॉफी पितात आणि विणतात. बाळ जन्मलं की ते इस्पितळातून घरी येतं ते बापाच्या आईने विणलेल्या कपड्यांत : स्वेटर, विजार, टोपडं आणि मोजे. इस्पितळाच्या दाराशी फोटो निघतो. तो गावभर फिरतो, आणि बाळाचं नाक कोणावर गेलंय हे बायका नंतर बघतात. आधी टाके बघतात.

कारण प्रत्येकीचा हात वेगळा. कोणाचा घट्ट, कोणाचा सैल. अक्षरावरून माणूस ओळखावा तशी तिथे टाक्यांवरून विणणारी ओळखतात. शेजारच्या माग्नहिल्डबाई तर दोरीवर वाळत घातलेला मोजा रस्त्यावरूनच पाहून तो कोणाच्या हातचा ते सांगत, आणि विणताना तिचं नवऱ्याशी भांडण झालं होतं की नाही तेही.

अस्लाउगबाईंचा हात ओळखणं सगळ्यांत सोपं होतं. जन्म नगरपालिकेच्या कचेरीत गेला. विणकाम कुठे घट्ट तर कुठे सैल; जेवणाच्या सुट्टीआधीचं आणि सुट्टीनंतरचं सरकारी काम जसं वेगळं ओळखू येतं, अगदी तसं. शिवाय त्यांना कधी शिकूच दिलं नव्हतं. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा सासूबाई, म्हणजे बोर्गहिल्डबाई, चुलीजवळच्या खुर्चीत विणत बसलेल्या होत्या. तोंडात कापराची गोळी असे. तिकडच्या म्हाताऱ्या ती चर्चमध्ये खोकला येऊ नये म्हणून चघळतात, पण बोर्गहिल्डबाई ती घरातही चघळत, घरात खोकायची भीती नसतानाही. सुनेने काही विणायला घेतलं की संध्याकाळपर्यंत ते उसवलेलं असे. "थोडंसं सरळ केलं गं," एवढंच त्या म्हणत. ओरडत नसत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुलगा आयविंद झाला तेव्हा अस्लाउगबाईंनी कोणाला न सांगता, स्वतःच्या हाताने एक टोपडं विणलं होतं. बाळाला घरी न्यायच्या दिवशी ते मिळेना. बाळाच्या पायांत मात्र त्याच रंगाचे, अतिशय देखणे, अतिशय सरळ मोजे होते.

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची खुर्ची तिथेच राहिली. तिच्यात कोणी बसत नसे. भीतीपोटी नव्हे, तर ती फार गैरसोयीची होती म्हणून. आणि आता आयविंदची बायको, इंगविल, पोटुशी होती. यंदा आजी अस्लाउगबाई होत्या. बाळ घरी येईल ते माझ्या हातच्या कपड्यांत, असं त्यांनी जाहीर केलं आणि बोटीने शहरात जाऊन मोहरीच्या फुलांच्या रंगाची मऊ लोकर आणली. नवरा ओदवार म्हणाला, की आईने आयविंदसाठी केलेला जोड खणात आहेच, उगाच खर्च कशाला. त्यावर अस्लाउगबाईंनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिने पूर्वी नगरपालिकेतले ठेकेदार परत जात असत.

काखेकडून खाली विणत आणलेली पहिली बाही निम्मी झाली तेव्हाची गोष्ट. दुपार होती, म्हणजे घड्याळात होती, बाहेर काळोखच होता. विणकाम सासूबाईंच्या खुर्चीवर ठेवून त्या पायऱ्यांवरचा बर्फ काढायला गेल्या. फावड्याचा आवाज सोडला तर गावात आवाज नव्हता. बर्फ सगळं गिळून टाकतो. त्या आत आल्या, बूट काढले आणि तशाच उभ्या राहिल्या.

कापराचा वास येत होता.

आणि ओल्या लोकरीचा. चुलीवरच्या दांडीला उसवलेल्या लोकरीची लड टांगलेली होती. उसवलेली लोकर कुरळी होते. तिचा कुरळेपणा जावा म्हणून ती धुऊन, खाली वजन बांधून वाळवावी लागते. या लडीला वजन म्हणून कॉफीचे चमचे बांधले होते. असे चमचे बांधणारी गावात एकच बाई होती. लडीतून थेंब गळे, तापलेल्या चुलीवर पडे, चर्र होई. वारा नव्हता. चमचे मात्र हलत होते आणि एकमेकांना हळूच लागून किणकिणत होते, कोणी नुकताच हात काढून घ्यावा तसे.

ओदवार होडीच्या शेडमध्ये होता. शिवाय लोकर धुवायची असते हे त्याला ठाऊक असण्याची शक्यताच नव्हती. संध्याकाळी जेवताना अस्लाउगबाईंनी त्याला सांगितलं.

"तुमच्या आईने बाही उसवली."

ओदवारने पावाला लोणी लावणं थांबवलं नाही. "आई जाऊन किती वर्षं झाली."

"म्हणून तर सांगतेय."

त्याने विचार केला. "कुठपर्यंत उसवली?"

"काखेपर्यंत."

"मग काखेत चुकली असशील."

त्या बघायला गेल्या. काखेत चुकलंच होतं.

तेव्हापासून रोजचं झालं. जरा पाठ वळली की शेजारच्या खोलीतून सुयांचा आवाज येई, टिक, टिक, घाई नसलेला. जाऊन पाहिलं तर खोली रिकामी, हवेत कापूर, आणि चुकलेल्या टाक्यापर्यंत सगळं उसवून गुंडा केलेला. जे बरोबर असे त्याला धक्का लागत नसे. अस्लाउगबाई दात-ओठ खाऊन पुन्हा विणत. पुन्हा उसवलं जाई. आधी पाठ मंजूर झाली, मग पुढा, मग कधीतरी बाह्या. विजारीला तर फारशी हरकत निघाली नाही. आपला हात सुधारतोय हे अस्लाउगबाईंना कळत होतं आणि त्याचाच त्यांना जास्त संताप येत होता.

गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. विणकाम मंडळाच्या बायका घाबरल्या असतील असं कोणाला वाटलं तर ते चूक. त्या जॅम आणि वाफल घेऊन आल्या आणि जाताना प्रत्येकीने आपापलं बिघडलेलं विणकाम त्या खुर्चीवर सहज विसरल्यासारखं ठेवलं. दुसऱ्या दिवशी सगळं जसंच्या तसं होतं. उसवली होती ती फक्त अस्लाउगबाईंच्या टोपड्याची कड. माग्नहिल्डबाईंना ते फारच लागलं.

"माझ्या टाचेत तीन टाके सुटलेत," त्या म्हणाल्या. "एवढं तरी दिसायला हवं होतं बोर्गहिल्डला."

"त्या घरच्यांचंच बघतात," अस्लाउगबाई म्हणाल्या. बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण सासूची बाजू घेतली. असं आयुष्यात प्रथमच झालं होतं.

तरीही टोपडं पुन्हा पुन्हा उसवलं जायला लागलं तेव्हा त्यांचा धीर सुटला. दिवस भरत आले होते. घरात अशांतता असली की पाद्रीबाबा येऊन प्रार्थना करून घर शांत करून देतात, अशी तिकडे सोय आहे. अस्लाउगबाईंनी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं, की घराच्या कागदांवर कै. बोर्गहिल्ड यांचा तहहयात राहण्याचा हक्क नोंदलेला आहे. हयात संपली असली तरी नोंद कमी करून घेतलेली नाही. सबब अर्जावर एका रहिवाशाची सही कमी आहे. शिवाय पाद्रीबाबांची जागा सध्या रिक्त आहे. पत्र इतकं नियमाला धरून होतं की अस्लाउगबाईंना त्याचा रागही धड येईना. त्यांनी स्वतः अशी पुष्कळ लिहिली होती.

आणि मग बाळाने कोणाचीच मंजुरी न घेता, तारखेच्या आधीच जन्म घेतला. आयविंदचा फोन आला. मुलगी झाली, दोघी छान आहेत, तोंड एवढं उघडते की आत सगळं शहर दिसतं. उद्या सकाळी घरी सोडणार, तर आजच्या बोटीने या. इंगविलने फोन हातातून ओढून घेतला.

"आई, कपडे तयार आहेत ना?"

"आहेत," अस्लाउगबाई म्हणाल्या. हे सरकारी अर्थाने खरं होतं. टोपडं संपत आलं होतं. मोजे सुरूही झाले नव्हते.

ओदवार खणातला जोड काढून, पिवळ्या पडलेल्या पातळ कागदात गुंडाळून, बॅगेजवळ ठेवून गेला. लागलाच तर असावा म्हणून. अस्लाउगबाईंनी त्याकडे पाठ केली, दिवा जवळ ओढला आणि बसल्या.

बाहेर दुपारचा काळोख होता. टोपडं पुरं झालं. पहिला मोजा टाचेपर्यंत आला, टाच वळली, आणि तेव्हा त्यांना दिसलं : टाचेच्या वर, सुलट टाक्यांच्या मधोमध, एक उलटा टाका. तांदळाच्या कणीएवढा उंचवटा. तो काढायचा तर टाच उसवायला हवी. आणि बोट थांबणार नव्हती.

त्या पुढे विणू लागल्या.

कापराचा वास आला. या वेळी शेजारच्या खोलीतून नव्हे, अगदी जवळून. लोकरीचा गुंडा खाली टोपलीत होता, सासूबाईंच्या खुर्चीच्या पायाशी. सुयांपासून टोपलीपर्यंत सैल लोंबणारा धागा हळूहळू वर उचलला गेला... ताठ झाला... आणि पलीकडून कोणीतरी तो ओढला. जोरात नाही. सवयीने. सुईवरचा एक टाका निसटला. मग दुसरा.

अस्लाउगबाईंनी धागा मुठीत धरला. पलीकडची ओढ तशीच होती, थंड, शांत, वर्षानुवर्षांची.

"सासूबाई..." त्या अगदी हळू म्हणाल्या. "मला दिसलाय तो टाका."

धागा तसाच ताठ.

"या वेळी नका उसवू. वाकडं आहे... पण माझं आहे. आयविंदच्या वेळी तुम्ही मला विचारलं नाहीत. आज मी तुम्हाला विचारतेय."

चुलीत लाकूड फुटलं. मग मुठीतला धागा सैल पडला.

त्यांनी निसटलेले टाके उचलले आणि पुन्हा विणायला घेतलं. पाहतात तो धागा हवा तेवढाच येत होता. गुंडा अडकत नव्हता, उडत नव्हता. कोणीतरी टोपली मांडीवर घेऊन त्यांच्या हाताच्या वेगाने धागा सोडत होतं. असं त्यांच्यासाठी कोणी कधी केलं नव्हतं. अस्लाउगबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही यायला लागलं, त्यामुळे पुढच्या ओळी काही फार चांगल्या झाल्या नाहीत. कोणी हरकत घेतली नाही.

पहिला मोजा संपला. दुसऱ्याचे टाके घालता घालता त्यांचा जरासा डोळा लागला असावा.

"बोट आली," ओदवार दारातून म्हणाला. "झालं का?"

त्या दचकल्या. मांडीवर एक मोजा होता. दुसरा समोरच्या खुर्चीत, पूर्ण झालेला. त्यांनी तो दिव्याखाली धरला. हात कुठे घट्ट होता, कुठे सैल. आणि टाचेच्या वर, त्याच जागी, तांदळाच्या कणीएवढा एक उलटा टाका. ज्या बाईने जन्मात चुकीचा टाका राहू दिला नाही, तिने तो मुद्दाम घातला होता.

"हा पहिला कुठला आणि दुसरा कुठला?" ओदवारने विचारलं.

"ते मलाही सांगता येत नाही," अस्लाउगबाई म्हणाल्या आणि त्यांनी कोट चढवला. खणातला जोड बॅगेजवळच राहिला. ओदवारने तो नीट उचलून परत खणात ठेवला, आणि मग खुर्चीकडे पाहून, का कोण जाणे, टोपी काढली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या दाराशी फोटो निघाला. मोहरीच्या रंगात नात जांभई देत होती. इंगविलने सासूला अशी मिठी मारली की अस्लाउगबाईंचा चष्मा वाकडा झाला आणि फोटोत तो तसाच आहे. गावात माग्नहिल्डबाईंनी भिंग लावून तपासणी केली आणि निकाल दिला : हात अस्लाउगचाच. दोन्ही मोज्यांत तोच टाका दिसल्यावर त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या की ही नवी नक्षी असणार. महिन्याभरात मंडळातल्या निम्म्या बायका टाचेच्या वर उलटा टाका घालू लागल्या आणि तो आपल्यालाच आधी सुचला असंही सांगू लागल्या.

अस्लाउगबाईंनी मूळ अर्ज मागे घेण्यासाठी अर्ज केला. कारणाच्या जागी त्यांनी लिहिलं : "घरात आता कोणाची तक्रार नाही." घरात कापराचा वास अधूनमधून येतो. बाळ अंगणात बाबागाडीत, तिकडच्या रीतीप्रमाणे थंडीतच, गुरगुटून झोपतं, तेव्हा तो तिथे जास्त येतो. ओदवार आता त्या खुर्चीला येता-जाता गुड मॉर्निंग म्हणतो.

सूर्य रुजू झाला त्या आठवड्यात मात्र खुर्चीत सुयांवर एक टोपडं चढवलेलं दिसलं. लाल. घरात लाल लोकर नव्हती. इंगविलला विचारलं तर ती म्हणाली, की आई, एक झोपू देत नाही, दुसरं कुठलं. गावात आणखी कोणालाही दिवस गेलेले नव्हते. टोपडं फारच लहान होतं. एवढ्याशा डोक्याचं बाळ कोणी पाहिलं नव्हतं.

अस्लाउगबाईंनी ते माग्नहिल्डबाईंना दाखवलं. त्यांनी ते उजेडात धरलं, उलटून पाहिलं, बोट फिरवलं.

"हा तुझा हात नाही," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "बोर्गहिल्डचाही नाही."

"मग कोणाचा...?"

माग्नहिल्डबाईंनी ते जिथून उचललं होतं तिथे ठेवलं, कोट घातला आणि कॉफी न घेताच घरी गेल्या.

चर्चच्या कार्यालयाकडून पत्र आलं आहे. एकाच घराबाबत घर शांत करण्याचा एक व तो मागे घेण्याचा एक, असे दोन अर्ज दाखल असून आधी कोणता विचारात घ्यावा हे ठरायचं आहे. दुसऱ्या अर्जावरही एका रहिवाशाची सही कमी आहे. अर्जदाराने रहिवाशांची नेमकी संख्या कळवावी, असंही पत्रात म्हटलं आहे.

सासूबाईंना धरूनही हे टोपडं विणणारं एक कोणीतरी उरतंच, म्हणून अस्लाउगबाईंनी अद्याप ती कळवलेली नाही. टोपडं कानांपर्यंत आलं आहे. अर्ज प्रलंबित आहे.