भिंतीवरचा उलटा माणूस

“ताई, पडद्यावर माणूस चालतोय. डोकं खाली, पाय वर.”

“शेपूट, पुड्या सोडू नकोस. आणि हलू नकोस, फोटो बिघडेल,” घुबड म्हणाली.

काळ्या कापडाच्या त्या खोलीत तिघं होती. कॅमेऱ्यांच्या प्रदर्शनात आत्याच्या काउंटरला लागूनच ही खोली उभी केली होती. नवा कॅमेरा अंधारात कसा चालतो, ते लोकांनी आत जाऊन स्वतः बघावं म्हणून. घुबडला हे नाव तिच्या गोल चष्म्यामुळे मिळालं होतं. शेपूट तिचा धाकटा भाऊ. ती जाईल तिथे तो मागे. तिसरा मेगा, आत्याचा मुलगा. हॉलमधल्या प्रत्येक कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल त्याला पाठ होते आणि कोणी न विचारता ते सांगायची खोडही होती.

मेगा आत्ता चिकटपट्टी घेऊन आला होता. स्टॉलांमधल्या रस्त्याकडच्या कापडाला टाचणीएवढं भोक पडलं होतं. त्यातून उजेड येतो, ते बुजव, असं त्याच्या आईने बजावलं होतं.

“थांब, लावू नकोस. शेपूट खरं बोलतोय,” घुबड म्हणाली.

“पहिल्यांदाच,” मेगा म्हणाला आणि वळला.

भोकाच्या समोर, आतल्या पांढऱ्या पडद्यावर, बाहेरचा रस्ता उलटा लटकला होता. समोरच्या स्टॉलवरचे झगझगीत दिवे खाली दिसत होते, जमीन वर. पिवळं जॅकेट घातलेला एक उलटा माणूस ढकलगाडी घेऊन आला. त्याने वाकून काहीतरी काळं उचललं, गाडीवर टाकलं आणि पडद्यावर गेटच्या बाजूला सरकत नाहीसा झाला.

“भोकाला मेगापिक्सेल किती?” घुबडने विचारलं.

मेगाला ते पाठ नव्हतं. तिघं बराच वेळ उलटी माणसं बघत राहिली.

बाहेरून आत्याचा आवाज आला. “इथली पिशवी कोणी घेतली?”

तिघं बाहेर धावली. आत्याचा चेहरा उतरला होता. लांबचे पक्षी टिपायची नवी मोठी लेन्स एका पाहुण्याने हाताळून परत दिली होती. ती काळ्या पिशवीत घालून आत्याने क्षणभर काउंटरपुढच्या स्टुलावर ठेवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला कॅमेरा धरायला शिकवत बसली. आता स्टूल रिकामं होतं.

हॉलचे व्यवस्थापक तिथे पोचले होतेच. बाकी सगळे आयोजक पिवळ्या जॅकेटमध्ये. हे मात्र नुसत्या शर्टात, घामाघूम.

“मी सांगत होतो,” ते म्हणाले. “सगळ्या हॉलमध्ये पाटी काय आहे? हात लावू नये. आणि तुमची पाटी काय?”

आत्याच्या डोक्यावरच्या पाटीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘हात लावा’. सबंध प्रदर्शनात अशी पाटी एकच होती. मुलांनीसुद्धा भारी कॅमेरे हाताळून बघावेत, म्हणून आत्याने आपल्या कंपनीत वर्षभर डोकं फोडलं होतं. ‘एकदा करून बघू’ म्हणत साहेबांनी परवानगी दिली होती. एकदाच.

“लेन्स सापडेपर्यंत काउंटर बंद,” व्यवस्थापक म्हणाले. “आणि संध्याकाळपर्यंत सापडली नाही, तर पाटी उतरवा. सगळं सामान काचेआड. माझ्या डोक्याला आधीच कमी ताप नाहीत. पाहुणे येणार, रस्ते मोकळे करायचे, त्यात माझं जॅकेटही कुठे गेलंय कोण जाणे.”

ते तरातरा निघून गेले. आत्याने गळ्यातला कॅमेरा उतरवून काउंटरवर ठेवला.

“आत्या, आम्ही चोर बघितलाय,” शेपूट म्हणाला. “पण उलटा.”

“बाळा, आत्ता चेष्टा नको रे.”

घुबडने त्याचा हात धरला. “चल. तो गेटकडे गेलाय.”

गेटवरचे पहारेकरी काका खुर्चीत बसून होते. “पिवळं जॅकेट आणि ढकलगाडी? छे. सकाळपासून इथून एकही गाडी गेली नाही. बसून पाठ आखडली माझी, पण डोळे नाही आखडले.”

“मग तो विरघळला का?” मेगा वैतागला.

तिघं परत निघाली. दूरवर आत्या स्टुलावर चढून पाटीची दोरी चाचपत होती.

“ताई,” शेपूट म्हणाला, “त्याचं डोकं खाली गेलं होतं ना? मग बाकीचं सगळं जागेवर कसं राहिलं?”

घुबड थबकली. “परत बोल.”

“वरचं खाली गेलं. मग इकडचं तिकडे नाही का जाणार?”

“मेगा, आत चल. शेपूट, तू स्टुलापासून गेटकडे चालत जा. हात हलवत जा.”

शेपूट हात हलवत निघाला. समोरचा दिवेवाला हसला, पण त्याने लक्ष दिलं नाही. आत अंधारात दोघांचे डोळे सरावले. पडद्यावर एक छोटा शेपूट, पाय वर करून, हात हलवत चालला होता. गेटकडे नाही, बरोबर उलट बाजूला.

“भोक लहान, म्हणून उजेड आत येताना एकमेकाला ओलांडून येतो,” मेगा हळूच म्हणाला. “वरचा खाली, डावीकडचा उजवीकडे. आपण पुस्तकात वाचलंय हे. परीक्षेत आकृतीही काढली होती मी.”

“आणि उत्तर बरोबर येऊनही गेटकडे पळालास. दुसऱ्या टोकाला काय आहे?”

“सामानाची लिफ्ट.”

लिफ्टपाशी ढकलगाडी उभी होती. त्यावर गुंडाळलेले कापडी फलक, दोऱ्यांची भेंडोळी, आणि सगळ्यांवर टाकलेलं एक पिवळं जॅकेट. जॅकेटखालून काळा पट्टा लोंबत होता.

शेपूट झेपावला. घुबडने त्याची कॉलर पकडली. “हात लावू नये.”

“आता तूसुद्धा?”

“आपण आणून दिली, तर आपणच घेतली होती म्हणतील. ज्याने ठेवली, त्यालाच काढू दे. मेगा, तू इथेच थांब. गाडी हलू देऊ नकोस.”

व्यवस्थापक आत्याच्या काउंटरपाशीच सापडले. पाटी अजून उतरली कशी नाही, ते बघायला आले होते.

“काका,” घुबड अदबीने म्हणाली, “तुमचं जॅकेट सापडलं.”

त्यांचा चेहरा उजळला. “शाबास! कुठे?”

“दाखवते ना. आत्या, तूही चल.”

लिफ्टपाशी येताच व्यवस्थापकांनी जॅकेट ओढलं. “हेच ते. मीच उकडतंय म्हणून काढून इथे...” जॅकेटखाली काळी पिशवी होती. आत्याने ती उघडली. लेन्स सुखरूप होती.

“रस्ते मोकळे करताना,” व्यवस्थापक पिशवीकडे बघत म्हणाले, “वाटेत जे दिसेल ते मी गाडीवर टाकत होतो. मला वाटलं, कोणाची तरी बेवारशी पिशवी.” त्यांनी जॅकेट घातलं, मग पुन्हा काढलं. “बाई, चूक माझी आहे. काउंटर आत्ताच उघडा. पाटीसुद्धा राहू द्या.”

“पिशवी स्टुलावर ठेवली, ती चूक माझी,” आत्या म्हणाली. तिने तिघांना एकदम जवळ ओढलं. “आणि ही तीन रत्नं माझी.”

“पण तुम्हाला कळलं कसं रे?” व्यवस्थापकांनी विचारलं.

शेपूट त्यांना हात धरून काळ्या खोलीत घेऊन गेला. बराच वेळ ते बाहेर येईनात. आले, तेव्हा त्यांनी दोन आयोजकांना आणि त्या दिवेवाल्याला हाक मारून आत पाठवलं.

संध्याकाळी शेपूटने मोठी लेन्स लावून पहिला फोटो काढला. आत्याने खालून आधार धरला होता. फोटोत ‘हात लावा’ ही पाटी दिसत होती आणि तिच्याजवळ, भोकाच्या अगदी शेजारी, टाचणीने टोचलेला एक कागद. त्यावर घाईच्या अक्षरात लिहिलं होतं:

‘हे भोक कोणीही बुजवू नये. – व्यवस्थापक.’