सायमाचा लोडर

"भाई, ही स्प्रिंग दुरुस्त होईल का?"

अदीबनं मान वर केली. पनवेलच्या बाजारातल्या त्याच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात एक मुलगी उभी होती. तिच्या मागून रिक्षावाला आला आणि एक लोखंडी स्टँड टेबलावर ठेवून गेला.

"कुठल्या मशीनची?"

"मशीनची नाही... बंदुकीची."

अदीबच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. सायमाला हसू आलं. हे ऐकलं की माणसं कशी बघतात, हे तिला पाठ झालं होतं.

लहानपणी पोलिओनं तिच्या दोन्ही दंडांतली ताकद नेली होती. बोटं चालत, पण पाच किलोची रायफल पेलत नसे. म्हणून रायफल स्प्रिंगच्या स्टँडवर टेकवायची. शेजारी बसलेल्या लोडरनं दर वेळी छर्रा भरायचा, आणि नेम मात्र सायमानं धरायचा. एका स्पर्धेत साठ छर्रे, आणि अगदी मधोमध लागला तर एकाचे दहाहूनही थोडे जास्त गुण. अपंगांच्या नेमबाजीतला तिचा गटच तसा होता. तीन महिन्यांनी पुण्याला भारतीय संघाची निवड चाचणी होती, आणि नेमकी आत्ता स्प्रिंग सैल पडली होती.

अदीबनं दोन दिवसांत ती बसवली आणि नीट चालते का बघायला स्वतःच तिच्या सरावाच्या रेंजवर आला. त्याच आठवड्यात सायमाचा भाऊ अरीब नोकरीसाठी कुवेतला निघाला. आजवर तोच तिचा लोडर होता.

"ह्या मुलाचे हात बघ," कमलाकर सर म्हणाले. "जराही थरथर नाही. ह्यालाच बसव."

कमलाकर सर तिचे प्रशिक्षक. व्हीलचेअरवर बसूनच ते पूर्वी भारताकडून खेळून आले होते. रोज सराव संपला की ते जुन्या संघाच्या गोष्टी सांगत. "चौघांत दोन बंदुका होत्या आमच्या. एकाचे साठ छर्रे झाले की जॅकेट काढून दुसऱ्याला द्यायचं, घामानं ओलं असलं तरी! लोडर म्हणून तर एकदा बसचा ड्रायव्हर बसवला होता. आणि तुझ्या गटातली मुलगी? आमच्या संघात एकही नव्हती. तू जा, सायमा."

सायमा ऐकत राही. आणि अदीब तिच्याकडे बघत राही...

"अदीबभाई, उद्या पाचला या हं."

"येतो. पण ते 'भाई' तेवढं घरी ठेवून या."

"मग काय म्हणू?"

"लोडर म्हणा. हुद्द्याचा माणूस आहे मी!"

तो दर छर्रा चिमटीत धरून उजेडात फिरवून बघे. एखादा जरासा चेपलेला दिसला की बाजूला टाकी. मग हलकेच वाकून चांगला छर्रा रायफलीत सरकवी, खटका बंद करी आणि मागे सरके. त्याच्या बाहीला मशीनच्या तेलाचा वास येई. सायमा श्वास रोखून धरी – नेमासाठी, असं ती स्वतःला सांगे.

महिन्याभरानं सरांनी तिला एकटीला बोलावलं.

"अरीब होता तेव्हा सहाशे सव्वीसच्या खाली येत नव्हतीस. आता सहाशे वीस. काय बिघडलंय?"

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण आवाज एकदम मऊ झाला.

"लोडर बदल, पोरी."

रविवारी संध्याकाळी ती आणि अदीब वडाळे तलावाच्या काठी बसले होते. पाण्यावर थंडीतली बदकं आली होती. अदीबनं शेंगदाण्यांची पुडी तिच्या बोटांना पोचेल अशी कठड्यावर उघडून ठेवली.

"मी लोडर बदलतेय," ती म्हणाली.

अदीबचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं?"

"नाही."

"एखादा छर्रा खराब गेला?"

"नाही रे..." हा 'रे' कुठून आला, तिचं तिलाच कळलं नाही. "हृदय धडधडलं की नळी हलते. अगदी केसाएवढी, पण दहा मीटरवर तेवढ्यानंही गुण जातात. अरीब शेजारी बसायचा तेव्हा माझं हृदय गुमान असायचं. तू वाकलास की..."

"की?"

"की सहा गुण जातात, अदीब! आणखी काय सांगू?"

अदीबचे डोळे हसले.

"सहाच? मला वाटलं होतं, दहा तरी जात असतील."

"थट्टा नको." तिचा आवाज कापला. "एक खरं सांग. दया येऊन तर येत नव्हतास ना?"

"दया आलेली माणसं भांडत नाहीत, सायमा. आपण रोज भांडतो." त्यानं बदकांकडे पाहिलं. "तू संघात जायलाच हवंस. मी लांब राहीन. पण नवा लोडर मी तयार करणार. छर्रा कसा बघायचा, हे दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

कामोठ्याची रमा, सायमाची कॉलेजातली मैत्रीण, तयार झाली. अदीबनं तिला आपल्या दुकानातच शिकवलं. टेबलावर छर्रे पसरून चेपलेले ओळखायला लावले. तिनं एक जरी चुकवला तरी पुन्हा पहिल्यापासून! रेंजवर मात्र तो एकदाही फिरकला नाही. सायमाला संध्याकाळ लांबलचक वाटे, पण गुण हळूहळू वर चढत होते.

पुण्याला चाचणीच्या दिवशी तो आला, पण हॉलमध्ये शिरला नाही. बाहेर चिंचेखाली उभा राहिला. आत साठ वेळा रमा वाकली, साठ वेळा सायमानं श्वास सोडला. दीड तासानं ती बाहेर आली. पाठोपाठ कमलाकर सर आपल्या खुर्चीची चाकं रेटत आले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"सहाशे अठ्ठावीस," सायमा म्हणाली. "मी संघात आहे."

अदीबनं बाही नीट केली आणि विचारलं, "शुक्रवारी अम्मीला तुमच्या घरी पाठवू?"

"शुक्रवारी नको."

त्याचा चेहरा पडला. सायमानं दोन पावलं पुढे येऊन त्याच्या बाहीचं टोक बोटांत पकडलं.

"शुक्रवारी अब्बा उरणला जातात. शनिवारी पाठव."