रशीदचाचांचं यंत्र

दुसऱ्यांनी लिहिलेला कोड तपासणं हे माझं काम. थिबा पॅलेसच्या रस्त्यावर एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं लहानसं ऑफिस आहे. खिडकीतून भाट्याची खाडी, पूल आणि अलीकडच्या काठावर राजिवड्याची घरं दिसतात. बोट कुठे आहे आणि खाली पाणी किती खोल आहे, हे दाखवणारी जुनी यंत्रं अजून कितीतरी मच्छीमार वापरतात. ती बनवणाऱ्या कंपन्या बंद पडल्या, त्यामुळे दुरुस्ती आमच्याकडे येते. आम्ही संगणकात त्या यंत्राची हुबेहूब नक्कल उभी करतो. त्याला एम्युलेटर म्हणतात. मग खऱ्या यंत्राच्या चिपमधलं फर्मवेअर, म्हणजे बटण दाबल्याबरोबर जागा होणारा मूळ प्रोग्राम, त्या नकलेत भरायचं आणि बिघाड शोधायचा.

फर्मवेअर भरणारा नवा कोड महरीनने लिहिला होता. ती राजिवड्याचीच. तिचे वडील रशीद तांडेल गेल्या ऑक्टोबरच्या वादळात बोटीसकट नाहीसे झाले. खलाशांपैकी दोघे पूर्णगडच्या बाजूला किनाऱ्याला लागले, तेही जिवंत नव्हते. बोट, चाचा आणि बाकीचे खलाशी मिळालेच नाहीत. त्यांचं यंत्र मात्र आमच्या कपाटात राहिलं होतं. पडदा बिघडला म्हणून ते मुलीकडे टाकून गेले होते. "किनारा मला वळखतो," म्हणाले होते आणि यंत्राशिवायच निघाले होते.

महरीनने चाचणीसाठी नेमकं त्याच यंत्राचं फर्मवेअर घेतलं.

कोड नीटनेटका होता. खोट एकच. फाइल मेमरीपेक्षा लहान निघाली तर उरलेली जागा तिने तशीच सोडली होती. अशी जागा खरं तर रिकामी नसते. आधीच्या कुठल्यातरी प्रोग्रामचा गाळ तिथे पडलेला असतो. मी शेरा लिहिला, 'उरलेली जागा शून्यांनी भर.'

महरीन खुर्ची ओढत माझ्याजवळ आली.

"रसिकाताई, ते करण्याआधी एकदा चालवून बघ ना."

मी चालवलं. काळ्या चौकोनात हिरवी अक्षरं उमटली. वर अक्षांश-रेखांश. त्याखाली खोली, सदतीस वाव, म्हणजे सव्वादोनशे फुटांच्या आसपास. तळाशी यंत्राचा स्वतःचा इशारा होता, सिग्नल नाही.

सिग्नल असणं शक्यच नव्हतं. आमच्या नकलेला अँटेना नव्हता, पाणी मोजणारा सेन्सर नव्हता.

"गाळ आहे हा," मी म्हटलं. "नाहीतर चिपमध्ये जुनी नोंद राहिली असेल."

"यंत्र काढलं तेव्हा बोट जेटीला होती, ताई. मग नोंद जेटीची नको?"

मी ते आकडे समुद्राच्या नकाशावर टाकले. जागा जयगडच्या पश्चिमेला, भर समुद्रात होती.

तिने उरलेली जागा शून्यांनी भरली. आकडे तेच. मी इंटरनेट तोडलं, दुसऱ्या संगणकावर चालवलं. तेच. मग संपूर्ण फाइलमध्ये ते आकडे शोधले. कुठल्याच स्वरूपात ते तिच्यात नव्हते.

"गाळच आहे?" महरीनने विचारलं.

"असायला हवा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात आले तेव्हा तिचा मोठा भाऊ आमीर जिन्यात बसला होता. मामांची बोट तो चालवतो. महरीनने घरी सांगितलं होतं. अम्मीने रात्रीचं जेवण न खाता तसंच ठेवलं होतं, असं तो म्हणाला.

"ताई, तू तपासलंस. तूच सांग. तिथं काय हाय?"

"वारा आहे, आमीर. बंदरावर धोक्याचा बावटा लावलाय."

"मी वाऱ्याचं नाय विचारलं."

गाळ आहे, एवढे दोन शब्द बोलायचे होते. तो घरी गेला असता. पण तपासलेल्या गोष्टीबद्दल मी खोटं बोलत नाही आणि हे मी तपासलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"म्हंजे नाय असं नाय," तो म्हणाला आणि उठून बोट काढायला गेला.

दिवसभर नक्कल चालू ठेवली. आकडे खिळल्यासारखे स्थिर होते. महरीन डबा न उघडता त्यांच्याकडे बघत बसली होती. खाली दवाखान्यात कुणाचं तरी मूल रडत होतं. दुपार कलली तेव्हा आमीरची बोट मोबाइलच्या रेंजमध्ये आली आणि त्याचा फोन आला. महरीनने स्पीकर लावला.

"काय नाय तिथं. पाणीच." त्याचा आवाज वाऱ्यात तुटत होता. "येकच गोष्ट. चारी बाजूंनी लाटा उसळत होत्या आन् तेवढ्याच जागेत पाणी सपाट. परातीत ठेवल्यासारखं."

"मग?" महरीनने विचारलं.

"मग काय? अब्बांना हाक मारली. येकदा. आन् फिरलो."

"कधी फिरलास?" मी विचारलं.

"मगाशीच. आता जयगडच्या खाली आलो."

मी पडद्याकडे पाहिलं. शेवटचा आकडा बदलला होता.

परत बदलला.

मी नकाशावर ठिपके टाकत गेले. जागा सरकत होती. बोटीच्या वेगाने, बोटीच्याच वाटेने. आमीरच्या बरीच मागे.

मी ते त्याला सांगितलं नाही. "सरळ घरी ये," एवढंच म्हणाले.

मग मी एक फाइल बनवली. तिच्यात नुसती शून्यं. एकही सूचना नाही, एकही अक्षर नाही. महरीनच्या कोडने ती भरली. अशी नक्कल जागी व्हायला तिच्यात काहीच नसतं. पडदा काळाच राहायला हवा.

हिरवी अक्षरं उमटली.

आकडे पुढे गेलेले होते.

ऊन उतरलं तेव्हा आमीरची बोट खाडीच्या तोंडाशी दिसली. ओहोटी लागली होती. तोंडावरची वाळू चुकवत तो कसाबसा आत आला. बोट बांधून तो गल्लीत शिरला, तेही आम्ही खिडकीतून पाहिलं. त्याच्यामागे खाडी मोकळी होती. एक बगळा गाळात उभा होता.

पडद्यावर ती जागा आता खाडीच्या तोंडाशी आली होती.

वाळू उघडी पडलेली होती. माणसं तिच्यावर चालत होती. यंत्र खोली दाखवत होतं, सदतीस वाव.

जागा जेटीपाशी आली.

थांबली नाही.

"ताई," महरीन म्हणाली, "ही तर जमीन आहे."

रस्ता. मशिदीची बाजू. मग गल्ली. वेग कमी होत गेला, बोट लावताना कमी करतात तसा. खोली तीच, सदतीस वाव.

आकडे थांबले. मी नकाशा मोठा केला. महरीनने स्वतःचं घर ओळखलं. तिने फोन लावला.

आमीरने उचलला.

"पोचलो गो. च्या पितोय."

"अम्मी कुठे आहे?"

"दारात. मी मागच्या अंगणात हाय." तो थांबला. "कोण आलंय काय? अम्मी बोलतेय कोणाशी तरी."

"आमीर, फोन ठेवू नको. तिच्याकडे जा."

त्याची पावलं ऐकू आली. एक दार करकरलं. मग अम्मीचा, म्हणजे फरीदाचाचींचा आवाज आला. आधी लांबून, मग स्पष्ट. त्या चिडलेल्या नव्हत्या की घाबरलेल्याही नव्हत्या. रोज संध्याकाळी बोलावं तसं बोलत होत्या.

"अवो, आधी पाय पुसा. आन् ही बाकीची मान्सं भायेर कशाला उभी? त्यांना पण आत बोलवा."