झाकलेलं नाव

"गाठ कुठे गेली?"

भूल उतरल्यावर मोठ्या डॉक्टरांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. लहान आतड्यात गाठ आहे म्हणून त्यांना टेबलावर घेतलं होतं. कापण्याआधी सर्जनने तोंडावाटे लांबलचक नळी घालून आतडं वीत न् वीत पाहिलं. आतडं स्वच्छ. गाठ गायब!

बरं, हे कुणी ऐरेगैरे नव्हेत, पोटविकार विभागाचे प्रमुख. पंधरवडाभर मरणाच्या धास्तीत काढलेल्या माणसाने सुटलो म्हणून हात जोडले असते. यांनी दातओठ खाल्ले आणि बायकोच्या थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं. ती पोलिसातून निवृत्त झालेली. घरात सगळे तिला फौजदारबाई म्हणत.

"ताई, कुणीतरी माझ्या जिवाशी खेळलंय. सापडला की देशोधडीला लावतो बघा."

"आधी सापडू द्या, डॉक्टर. मग लावा."

फौजदारबाईंना त्यांचा कळवळा होता, नाही असं नाही. पण जेवायच्या टेबलावर "दहातल्या आठांचं दुखणं पोटात नसतं, डोक्यात असतं" हे वाक्य डॉक्टर ज्या चवीने सांगत, ते ऐकून बाईंचा घास दरवेळी अडायचा.

विभागातला तंत्रज्ञ भारी बोलका. सगळे त्याला रेडिओ म्हणत.

"डॉक्टरांनी कॅमेऱ्याची गोळी गिळली, ती का?"

"रक्त कमी भरलं म्हणून. गोळी आतड्यातून जाता जाता फोटो काढते, कमरेच्या पट्ट्यात ते साठतात. पट्टा आमच्या धाकट्या डॉक्टर मॅडमनी बांधला. फोटो मी संगणकात घेतले. नावावर पट्टी मॅडमनी चिकटवली."

"नाव कशाला झाकायचं?"

"सरांचाच नियम. रुग्ण कोण ते कळलं की नजर बिघडते म्हणतात. म्हणून सगळ्यांचे फोटो मिसळून, नाव झाकून बघायचं, निदान सगळ्यांसमोर सांगायचं आणि मग पट्टी काढायची."

"त्या दिवशी काय सांगितलं त्यांनी?"

रेडिओने आधी दाराकडे बघून घेतलं. "गाठ दोनेक वर्षांची आहे म्हणाले. मॅडमनी विचारलं, 'आधीच्या डॉक्टरने न तपासताच परत पाठवलं असेल तर?' सर कडाडले, 'तर तो डॉक्टर नव्हे, कसाई! त्याला दवाखान्याची पायरी चढू देऊ नये.' मग मॅडमनी पट्टी काढली. खाली सरांचंच नाव!"

"तुमचं आणि सरांचं वाकडं आहे म्हणे?"

"गेल्या महिन्यात चारचौघांत बिनपाण्याने केली माझी. पण म्हणून असं कुणी करतं का, बाई?"

"करतात," फौजदारबाई म्हणाल्या. "आता मला दुसऱ्या रुग्णांचे फोटो दाखवा."

त्यांनी बरेच पाहिले. गोळी डबीतून काढताच सुरू होत असल्यामुळे प्रत्येकाची सुरुवात सारखीच होती. आधी छत, मग बोटं, मग आ वासलेला चेहरा, दात, जीभ. डॉक्टरांचे फोटो मात्र थेट जठरातच सुरू होत होते.

मॅडम म्हणजे विभागातल्या धाकट्या डॉक्टर, सरांचा उजवा हात. त्या शांतपणे समोर बसल्या.

"पट्टी लावताना फोटो कुणाचे ते ठाऊक होतं?"

"अर्थात. सरांचेच. पट्टी लावायची तर नाव वाचावंच लागतं."

"ऑपरेशनआधी नळी घालून बघा, हे कुणी सुचवलं?"

"मीच हट्ट धरला. सर मला लेकीसारखं वागवतात."

"मग अदलाबदल रेडिओने केली?"

"मी कुणावर आळ घेणार नाही. पण संगणकावर तोच बसतो."

संध्याकाळी डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. डॉक्टर उशीला टेकून रेडिओकडे खाऊ की गिळू असे बघत होते. तो बिचारा दाराला चिकटून उभा होता.

"गाठ कुठेही गेली नाही," फौजदारबाई म्हणाल्या. "ती तुमच्या पोटात नव्हतीच. फोटो दुसऱ्याचे आहेत. सुरुवातीला त्याचा चेहरा दिसला असता, म्हणून तेवढे कापले. हे काम रेडिओ आणि मॅडम, दोघांनाही जमलं असतं."

"याचंच आहे हे!"

"थांबा, डॉक्टर. मॅडम, फोटो सरांचेच असं तुम्ही धरून चालला होतात ना?"

"हो."

"मग 'आधीचा डॉक्टर' कुठून आला? सरांवर आधी कुणी उपचार केलेच नव्हते. समोर सरांची गाठ बघून कुणी रडलं असतं, कुणी गप्प राहिलं असतं. आधीच्या डॉक्टरच्या चुकीबद्दल तोच विचारील, ज्याला ठाऊक आहे की हे पोट दुसऱ्याचं आहे, आणि आधीचा डॉक्टर इथेच बसलाय."

मॅडमनी नाकारलं नाही. उलट खूप दिवसांचं ओझं टाकल्यासारख्या त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"माझा दादा. दोन वर्षं यांच्या दारात चकरा मारल्या त्याने. हे हसून म्हणायचे, दुखणं डोक्यात आहे. शेवटी दुसरीकडे कॅमेरा गिळला, तेव्हा वेळ निघून गेली होती. मी तेव्हा शिकत होते. मग इथेच नोकरी धरली. दादाची गाठ यांनी एकदा तरी नीट बघावी, एवढंच हवं होतं."

"आणि चेहरा का कापलात?" फौजदारबाईंनी हळूच विचारलं. "पकडले जाऊ म्हणून?"

"तेही. पण त्यात दादा हसतोय. गोळी मीच भरवली होती. ते हसू यांच्या वाट्याला कशाला?"

"माझे खरे फोटो?" डॉक्टर ओरडले.

"आहेत जपून. ठणठणीत आहात. गुडघेदुखीच्या गोळ्यांनी आत थोडं खरचटलंय, म्हणून रक्त कमी. सुरी लागू देणार नव्हते मी. मला फक्त पंधरवडा हवा होता. दादाला दोन वर्षं मिळाली होती."

"तुझा परवाना घालवतो! तुरुंगात सडवतो!"

"गुन्हा आहेच," फौजदारबाई म्हणाल्या. "तिला घेऊन मीच ठाण्यात जाणार आहे. पण तिथे तुमचा निकालही सांगावा लागेल, डॉक्टर. सगळ्या विभागाने ऐकलाय. पायरी चढू देऊ नये, म्हणालात."

आपण परत पाठवलेले चेहरे डॉक्टर आठवू पाहत होते, आणि एकही आठवत नव्हता. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

मॅडम दारापाशी थांबल्या.

"झाकलेलंच राहू द्या, सर. नाव न बघता तुम्ही फार अचूक निदान करता."