मोरेश्वरचं दुसरं पत्र

मेलेल्या माणसाचं एक पत्र आलं तर आपण पोस्टाला शिव्या घालतो. दुसरं आलं की देव आठवतो. विजयाबाईंनी मधल्या सुट्टीत दुसरं पाकीट फोडलं आणि त्या शाळेच्या पायरीवर तशाच बसून राहिल्या.

अक्षर मोरेश्वरचंच होतं. उजवीकडे झुकलेलं, वेलांट्या लांब ओढलेलं. शाई मात्र इतकी ताजी की बोटाला लागली. ‘येत्या रविवारी दिवस कलताना माझ्या मळ्यात विहिरीजवळ जमावे. मी वाट पाहत आहे.’ तारीख नव्हती. त्याच विहिरीत पाय घसरून मोरेश्वर गेला, त्याला चार वर्षं झाली होती.

विजयाबाई शाळेत शिक्षिका आणि सौसरच्या संत्रा पत्रमंडळाच्या चिटणीस. बागाईतदारांनी आपल्या अडचणी लिहायच्या, मंडळानं त्या सायक्लोस्टाइल करून सगळ्या सभासदांना टपालानं धाडायच्या, उत्तरं आली की तीही तशीच फिरवायची. वीस वर्षं हा उद्योग चालला होता. ज्याचं अक्षर चांगलं तो स्टेन्सिलच्या मेणकागदावर स्वतःच लिहून देई, आणि छापलेली प्रत त्याच्याच अक्षरात निघे. मोरेश्वर त्यातलाच.

जुने कागद आणि स्टेन्सिलं लाल फडक्याच्या बस्त्यांत पडून होती. त्यांना उधई लागली. तेव्हा सत्त्याऐंशी सालात मंडळानं ठरवलं, की सगळं पांढुर्ण्याच्या नव्या खोलीत नेऊन लोखंडी कपाटात, माणसागणिक कार्ड करून लावायचं. काम घेतलं अरविंदरावांनी. कचेरीतून नुकतेच निवृत्त झालेले, मुलाजवळ राहायला पांढुर्ण्यात आलेले, शिस्तीचे गृहस्थ. कपाटं एकेक करून येत होती; तोवर उरलेले बस्ते मोरेश्वरच्या धाकट्या भावाच्या, दिलीपच्या, सरकीच्या गोदामात ठेवले होते.

पहिल्या पत्राचा उलगडा झाला होता. उधईनं खाल्लेल्या प्रती अरविंदरावांनी जुन्या स्टेन्सिलांवरून नव्यानं काढल्या, आणि मोरेश्वरची डिंक्या रोगाची एक चौकशी चुकून टपालात गेली. तिच्यावर जुनी तारीख होती. वारलेल्या आणखी तिघा सभासदांच्या नावानंही ती गेली आणि त्या घरांतल्या बायका रडल्या. अरविंदरावांच्या कार्डांत सगळेच जिवंत होते, त्यात त्यांचा दोष नव्हता. मयताचं कार्ड कोपरा फाडून येतं, आणि वाचलं की फाडून टाकायचं असतं. घरात कोण ठेवतो? वीस वर्षांच्या बस्त्यांत कोणाच्याच मरणाचा कागद नव्हता.

पण दुसरं पत्र?

शाळा सुटताच विजयाबाई मळ्यावर गेल्या. मोरेश्वरची बायको नलिनी ओसरीवर ट्रंक भरत होती. पाकीट तिलाही, तिच्याच नावानं, आलं होतं. तोंड पार उतरलेलं.

“बाई, मी माहेरी जाऊन राहिली. सोमवारी भाऊजी कागद आनतेत, मळा त्याइच्या नावावर कराचे. सही करून देतो अन् जातो.”

“अहो, पण बाग तुमची. ऐन फळावर आहे.”

“ते बलावून राहिले मले, बाई.”

धीर द्यायला आलेल्या विजयाबाईंना विहिरीकडे पाठ करून बसवेना. त्या खांबाला टेकून, विहीर डोळ्यांसमोर ठेवून बसल्या. भाऊजी म्हणजे दिलीपच. रोज संध्याकाळी येऊन वैनीची चौकशी करतो, असं नलिनीनं सांगितलं. एकट्या बाईनं इथं राहू नये, असं तोही म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी त्या पांढुर्ण्याला गेल्या. अरविंदरावांनी दार किलकिलं करून आधी मागे कोण आहे ते पाहिलं. गाव त्यांना चेटक्या म्हणू लागलं होतं.

“पहिलं पत्र तुमचं?”

“माझं. चुकलं माझं.”

“आणि हे?”

त्यांनी कागद उजेडात धरला. वरच्या कोपऱ्यात फिकट डाग होता. “इथं तारीख होती. स्टेन्सिलवर कोणी मेण घासून ती बुजवली आहे. चुकून असं होत नाही.”

“स्टेन्सिल तुमच्या कपाटात आहे?”

“आलंच नाही माझ्याकडे. बाई, यंत्र बाजारात कोणालाही भाड्यानं मिळतं. माझंच नाव का घेतात लोक?”

विजयाबाईंना त्यांची दया आली आणि भीतीही वाटली. किल्ली यांच्याकडे, कार्डं यांच्याकडे. खोटं बोलणारा माणूसही असंच बोलला असता.

मग त्या घरोघर फिरल्या. दुसरं पत्र कोणाकोणाला आलं, एवढंच विचारायचं. सगळ्यांना आलं होतं. वारलेल्या तिघांच्या घरी मात्र या वेळी काहीच गेलं नव्हतं. पहिल्या वेळी न कळलेलं दुसऱ्या वेळी कोणाला कळलं?

शेवटी लोधीखेडा. तिथं गुणवंताजी, मोरेश्वरचे मावसे. उन्हाळ्यात पाय मोडल्यापासून गावाबाहेर पडले नव्हते, पण ‘पोरी, मळा सोडू नको’ असं नलिनीला निरोप धाडून सांगणारे एकटे तेच.

“मले पहिलं आलं, दुसरं नाई,” ते कुरकुरले. “सगळ्याइले बलावलं, मलेच काऊन नाई? भुतालेई नको झालो काय मी?”

तेवढ्यात भिंतीवर कावळा बसला. त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, हातातलं सूपच फेकून मारलं. “पोळ्याच्या वक्ती याइच्या डोक्यावर बसला होता मेला.”

विजयाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. वच्छलाबाईंना त्यांनी एक प्रश्न विचारला. उत्तर ऐकलं आणि रविवारसाठी गुणवंताजींना आणायला जीप सांगून ठेवली.

रविवारी दिवस कलताना सभासद मळ्यात जमले. भीती होती, पण न येण्याची भीती जास्त. विहिरीजवळ कोणी बसेना. अरविंदराव एका कडेला अंग चोरून उभे होते, लोक त्यांच्याकडे पाहून कुजबुजत होते. दिलीप चहाचा गिलास हातात घेऊन नलिनीजवळ उभा होता. वैनी, उद्याची वाटई पाहू नका, आताच सही करा, असं हळू आवाजात म्हणत होता.

फाटकात जीप थांबली. काठी टेकत गुणवंताजी उतरले. लोकांनी रामराम केला, कोणी पायाची चौकशी केली. दिलीपचा गिलास मात्र हातातून निसटला. तो मागे सरकला आणि थेट विहिरीच्या कठड्याला टेकला.

“मावसाजी, तुमी तं...”

“मी तं काय रे?” गुणवंताजी म्हणाले.

विजयाबाईंनी पदर खोचला आणि बोलायला सुरुवात केली.

पहिलं पत्र चूक होती, त्या म्हणाल्या. त्या चुकीवरून एकाला युक्ती सुचली. उरलेले बस्ते अजून त्याच्याच गोदामात पडून होते, त्यातून मोरेश्वरनं हयातीत बोलावलेल्या एका सभेचं हे स्टेन्सिल त्यानं काढून घेतलं. नलिनीला एकटीला पत्र गेलं असतं तर संशय घरावर आला असता, म्हणून सगळ्यांना धाडलं. गावच घाबरलं की ती थांबणार कशी? पण पत्ते लिहिताना त्यानं मेलेले वगळले. अरविंदरावांना ते जमलंच नसतं, त्यांच्या कार्डांत कोणी मेलेलंच नाही. म्हणजे हा माणूस इथलाच. मेलेल्याला पत्र लिहायला लावलं, पण मेलेल्याच्या नावानं पत्ता लिहायला त्याचा हात धजला नाही.

“आणि वगळताना त्यानं एक जिवंत माणूसही वगळला,” त्या म्हणाल्या. “गुणवंताजी. सांगा वच्छलाबाईंनी काय केलं होतं ते.”

गुणवंताजींनी घसा खाकरला. “डोक्यावर कावया बसला का मरन येते म्हनतेत. ते मरन टायाले मयताची खोटी खबर धाडा लागते सोयऱ्याले. तो रडत आला का संकट गेलं. मंग त्याले खरं सांगाचं. हिनं कोपरा फाडून एकच कारड धाडलं. दिलीपच्या दुकानावर.”

“आणि दिलीप रडत आला?”

“कोनी आलंच नाई. मंग खरं सांगाव कोनाले?”

सगळे दिलीपकडे पाहत होते. नलिनीला बळ देणारा एकमेव माणूस गेला, हे त्याच्या पथ्यावरच पडलं होतं; ती रडायला तिकडं गेली की सही लांबेल, म्हणून त्यानं कार्ड फाडलं आणि तिला कळूच दिलं नाही. नुसता दुखवट्यापुरता दारावर जाऊन आला असता, तरी मावसाजी खाटेवर चहा पिताना दिसले असते. स्टेन्सिल गोदामात सरकीच्या पोत्याखाली आहे, एवढंच दिलीप म्हणाला.

नलिनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मळ्याबद्दल ती काहीच बोलली नाही.

“भाऊजी, मावसाजी मेल्याचं कयलं, अन् तुमी रडाले नाई गेले?”

दिलीप बाहेरच्या वाटेला लागला. फाटकापर्यंत त्याला कोणी अडवलं नाही, कोणी पोचवायलाही गेलं नाही. अरविंदराव तेवढे खाली बसले आणि रुमालात तोंड झाकून घेतलं.

नलिनीनं बादली उचलली. एवढी माणसं आली होती, चहाला पाणी लागणार होतं. ती विहिरीकडे निघाली तशा विजयाबाईही तिच्याबरोबर गेल्या. दोर त्यांनी दोघींनी मिळून सोडला.